आपण कोणाचे?

वाचकहो, चित्रपटांविषयी या पानांतून लिहिण्याची आमची प्रथा नाही. आणि ज्या चित्रपटात दोन स्त्रिया एकत्र संसार मांडून मुले वाढवितात, त्याविषयी तर नाहीच नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी असा योग आला. त्यांचा अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा सुटीवर आला होता. बाहेर धो धो पाऊस, रोजरीची प्रार्थना आटोपलेली आणि जेवणाला अवकाश. अशा वेळी त्याने एक चित्रपट लावला. दिवाणखान्यात आम्ही सात-आठ जण होतो. चित्रपट संपल्यावर अपेक्षेप्रमाणे वाद जुंपला. कोणी म्हणाले, हे सारे आपल्या धर्माविरुद्ध आहे, यावर चर्चा ती काय करावयाची? कोणी म्हणाले, जग बदलले आहे, आपण कोठवर डोळे मिटून बसणार? दोन्ही बाजूंचे मुद्दे संपत आल्यावर इतका वेळ कोपऱ्यात जपमाळ हातात घेऊन बसलेली त्या घरातील आजी म्हणाली, "ते तुमचं सगळं असू दे. पण त्या पोराचं काय चुकलं, ते मला सांगा."

आजीला संवादांतील इंग्रजी फारसे कळले नव्हते. नातू मधून मधून समजावून सांगत होता तेवढेच. तरीही तिने चित्रपटाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले, असे आम्हाला त्या रात्री वाटले व आजही वाटते.

'द किड्स आर ऑल राइट' हे त्या चित्रपटाचे नाव. २०१० च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. दिग्दर्शिका लिसा चोलोडेन्को. त्याला ऑस्करची चार नामांकने मिळाली, पारितोषिक मात्र एकही नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका सुखवस्तू घराची ही कथा. निक ही स्त्रियांची डॉक्टर, बाळंतपणे करणारी, शिस्तीची, थोडी करारी, थोडी मद्याच्या आहारी गेलेली. तिची जोडीदारीण ज्यूल्स हिने आजवर अनेक उद्योग आरंभिले, पण तडीस एकही नेला नाही. दोघींनी एकेक मूल जन्माला घातले आहे. थोरली जोनी निकच्या पोटची, धाकटा लेझर ज्यूल्सच्या पोटचा. दोन्ही मुलांचा शुक्राणुदाता मात्र एकच. मुले दोघींनाही आई म्हणतात. घरात भांडणे आहेत, अभ्यासाचा तगादा आहे, मोटरसायकलवर बसावयाचे नाही अशी बंदी आहे. थोडक्यात, आपल्या ओळखीचे घर आहे.

लेझर पंधरा वर्षांचा आहे. मित्राच्या घरी गेला असता तो मित्राला आपल्या बापाशी दांडगाईने कुस्ती खेळताना पाहतो. तो बाप काही फार सज्जन माणूस नव्हे. पण मुलगा पाहतच राहतो. या एका दृश्यात दिग्दर्शिकेने पुष्कळ काही सांगितले आहे. लेझरला घरी प्रेम कमी पडलेले नाही. त्याला उणे काही असेल तर ते एका उत्तराचे. जोनी अठरा वर्षांची झाली असल्यामुळे शुक्राणुपेढीकडे चौकशी करण्याचा अधिकार तिला आहे, त्याला नाही. म्हणून तो बहिणीला गळ घालतो. आयांना दुखवावे लागेल म्हणून ती कचरते, आणि शेवटी दूरध्वनी करते. पेढीमार्फत पॉल नावाचा मनुष्य सापडतो. तो हॉटेल चालवितो, स्वतःच्या मळ्यात भाजी पिकवितो, मोटरसायकलवरून फिरतो. बायको नाही, मूल नाही, कोणाला जाब देणे नाही. मनाने वाईट नाही.

पुढे एका जेवणाच्या प्रसंगी लेझर त्याला सरळच विचारतो की, तुम्ही हे दान का केले? पॉल प्रथम थट्टेवारी नेतो. रक्तदानापेक्षा हे बरे वाटले, असे काहीसे सांगतो. नंतर सावरून, ज्यांना मुले होत नाहीत त्यांच्या उपयोगी पडावे असे वाटले, असेही म्हणतो. मुलगा पुन्हा विचारतो, पैसे किती मिळाले? साठ डॉलर. एवढेच? असे मुलगा म्हणतो.

आम्ही त्या क्षणी आजीकडे पाहिले. नातवाने भाषांतर केले होते. तिचे मणी थांबले होते.

आपल्या भाषेत 'दाता' हा थोर शब्द आहे. अन्नदाता, विद्यादाता, जीवनदाता. शुभवर्तमानात प्रभू येशूने दानधर्माविषयी सांगितले आहे की उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. परंतु ते भिक्षेविषयी आहे. भिक्षा घेणारा ती खातो आणि विसरतो. येथे जे दिले गेले ते पंधरा वर्षांनी दारात उभे राहून बोलू लागते, आपली किंमत विचारते. अशा गोष्टीला 'दान' म्हणावे काय, हा प्रश्न भाषेचा नाही. साठ डॉलर घेऊन नाव झाकून ठेवणाऱ्याने कोणतेच नियम मोडलेले नसतात. पण त्याने काय केले हे त्याला कळलेलेही नसते.

ख्रिस्तसभेची या विषयावरील शिकवण आमच्या वाचकांना सामान्यपणे ठाऊक आहे. विवाह हा एक पुरुष व एक स्त्री यांचा, आणि अपत्यजन्म त्या दोघांच्या परस्पर आत्मदानातून व्हावा, हे तिचे सूत्र. त्याच वेळी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात, समलिंगी कल असलेल्या व्यक्तींशी आदराने, अनुकंपेने व संवेदनशीलतेने वागावे आणि त्यांच्याविषयी अन्याय्य भेदभावाचे चिन्हही असू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पहिले वाक्य आपण मोठ्याने उच्चारतो आणि दुसरे ओठांतल्या ओठांत, ही आपली जुनी खोड. त्या रात्रीच्या वादातही तसेच झाले.

परंतु आम्हाला लक्ष वेधावयाचे आहे ते तिसऱ्याच एका मुद्द्याकडे. १९८७ च्या फेब्रुवारीत श्रद्धासिद्धांत परिषदेने 'दोनुम वीते' ही सूचना प्रसृत केली. परिषदेचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रॅट्झिंगर होते, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. परक्याच्या बीजाने केलेल्या गर्भधारणेस नकार देताना त्या सूचनेने विवाहाच्या एकतेबरोबर मुलाचाही विचार केला. अशा मुलाचे आपल्या जन्ममूळाशी असलेले नाते हिरावले जाते आणि त्याच्या स्वत्वाची जडणघडण त्यामुळे अडखळू शकते, असा तिचा आशय होता. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही सूचना लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर मुख्यतः होते ते चर्चमध्ये रीतसर लग्न झालेले, मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढणारे नवरा-बायको. निक आणि ज्यूल्सला बोल लावून जो मोकळा होतो, त्याने ही सूचना पुन्हा वाचावी. ती आपल्या गल्लीतही येते.

आणि चमत्कार असा की ख्रिस्तसभेशी ज्यांचे काही देणेघेणे नाही, अशा सरकारांनाही पुढे मुलाच्या बाजूने हाच विचार करावा लागला. स्वीडनने १९८५ पासून शुक्राणुदात्याची अनामिकता रद्द केली आणि समज आलेल्या मुलास त्याचे नाव जाणण्याचा हक्क दिला. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून तसेच केले. त्या कायद्याखाली जन्मलेली पहिली मुले २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील सातव्या कलमात, शक्य तेथवर आपले आईबाप जाणण्याचा हक्क प्रत्येक बालकास आहे असे म्हटले आहे. आपल्या देशाने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. तथापि २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यात दात्याची ओळख गुप्त ठेवण्याचीच व्यवस्था आहे. तो कायदा विवाहित दांपत्यास व एकट्या स्त्रीस ही सोय देतो, समलिंगी जोडप्यास देत नाही. म्हणजे चित्रपटातील घर आपल्याकडे कायद्याने उभे राहू शकत नाही. मात्र लेझरचा प्रश्न आपल्याकडे उभा राहू शकतो, आणि त्याला उत्तर देण्याची सोय नाही. अर्थात आता थुंकीची नळी टपालाने पाठविली की नातेवाईक घरबसल्या सापडतात. त्या तंत्रापुढे पेढ्यांची कुलुपे किती टिकतील, कोणास ठाऊक.

असो. कायद्याचा प्रश्न कायदेपंडित सोडवोत. आम्हाला त्या चित्रपटात अधिक अस्वस्थ केले ते निकच्या चेहऱ्याने. मुलांनी चोरून त्या माणसाला गाठले हे कळल्यावर ती ज्या नजरेने पाहते, ती नजर आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. अठरा वर्षे रात्री जागवल्या, ताप काढले, शाळेच्या फिया भरल्या. आणि आता हा कोण, ज्याने काही मिनिटांत काही दिले आणि जो निघून गेला, तो येऊन 'बाप' होणार? तिचा राग अन्यायाचा आहे असे आम्हाला म्हणवत नाही. पण त्या रागाखाली एक भय आहे, आणि ते भय मात्र चुकीच्या समजावर उभे आहे. मूल दुसरीकडे मूळ शोधू लागले की पहिल्या घरातले त्याचे प्रेम तेवढ्याने घटते, असा तो समज.

आपल्या भाषेतील वाचकाला येथे कर्णाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून तो घराघरांत नेऊन बसविला, ख्रिस्ती घरांतही. युद्धाच्या तोंडावर आधी श्रीकृष्ण आणि मग कुंती त्याला त्याचे कुळ सांगतात. राज्य समोर असते. तो राधा-अधिरथांना सोडीत नाही. आपण कोणाचे हे कळल्यावरही आपण कोणाचे राहावयाचे, हे त्याने ठरविले. पण त्याला ते इतक्या उशिरा आणि इतक्या स्वार्थाच्या घडीला सांगितले गेले, याबद्दल महाभारत वाचणाऱ्या कोणाचे मन कुंतीला क्षमा करते? ते सांगणे त्याच्या मुंजीच्या वयात झाले असते तर? रंगभूमीवर अर्जुनासमोर उभा असताना कुळ विचारले गेले, तेव्हा त्याची मान खाली गेली नसती.

आणि आपल्या पवित्र ग्रंथातील एक प्रसंग. येथे आम्ही अत्यंत जपून लिहितो, कारण प्रभूच्या जन्माच्या रहस्याची तुलना माणसांच्या कोणत्याही व्यवस्थेशी करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु संत योसेफाच्या हृदयात डोकावण्यास मनाई नाही. लूककृत शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. तीन दिवस शोध करून आईबाप थकलेले. मरियामाता म्हणते की तुझा बाप आणि मी तुला कष्टी होऊन शोधीत होतो. मुलगा उत्तर देतो की आपण आपल्या पित्याच्या घरी असावे हे तुम्हाला ठाऊक नव्हते काय. हे उत्तर योसेफाच्या समोर दिले गेले आहे. 'तुझा बाप' असे ज्याच्याविषयी आत्ताच म्हटले गेले, तो सुतार तेथेच उभा आहे, आणि मुलगा दुसऱ्या पित्याविषयी बोलत आहे. योसेफाने काय म्हटले? शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, येथेही नाही आणि इतरत्रही नाही. त्याने कान उपटला नाही, मी तुझ्यासाठी मिसर देशाला पळालो, हेही ऐकविले नाही. आणि पुढच्याच ओळीत मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला परत जातो व त्यांच्या आज्ञेत राहतो. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर संत योसेफाचे वर्ष पाळावयास सांगितले होते. त्या वर्षी आपल्या धर्मग्रामांत कितीतरी नोव्हेने झाली, सुतारकामाची चित्रे लागली. मंदिरातील या मौनावर प्रवचन झालेले मात्र आम्हाला आठवत नाही.

चित्रपटात निकला हे मौन जमत नाही, आणि पुढे जे घडते त्याने तिचे भय खरेही ठरते. ज्यूल्स पॉलच्या घराची बाग आखण्याचे काम घेते आणि त्यांच्यात संबंध जुळतो. यावरून चित्रपटावर दोन्हीकडून टीका झाली. समलिंगी टीकाकारांपैकी काहींना, अशी स्त्री पुरुषाकडे जाते हे दाखविणेच अपमानकारक वाटले. आम्हाला ते कथानक निव्वळ मानवी वाटले. विश्वासघात हा विश्वासघातच, मग घर कोणाचेही असो; आणि तो उघडकीस येतो तेव्हा सर्वांत जास्त कोसळतात ती मुले. मुलांनी एक उत्तर मागितले होते. मोठ्यांनी त्या उत्तराचा आपापल्या रिकामपणासाठी उपयोग केला. पॉललाही आयते कुटुंब हवेसे वाटू लागले होते. जागरणे नकोत, ताप नकोत, थेट अठरा आणि पंधरा वर्षांची गोजिरवाणी मुले हवीत.

शेवटी पॉल दारात येतो. निक त्याला हाकलून देते. कुटुंब हवे असेल तर स्वतःचे उभे कर, अशा अर्थाचे सुनावते. जोनी त्याला एवढेच म्हणते की तू याहून बरा निघाला असतास तर किती बरे झाले असते. पॉल काचेपलीकडून लेझरकडे पाहतो, मुलगा तोंड फिरवितो. यानंतर पॉल चित्रपटात दिसत नाही. जणू तो कधी नव्हताच.

येथे मात्र आमचे दिग्दर्शिकेशी पटत नाही. पॉल दोषी आहे, निःसंशय. पण त्याला बोलाविले कोणी? अठरा वर्षांपूर्वी त्याच्याकडून जे हवे होते ते घेतले, साठ डॉलरांत हिशेब मिटला असे सर्वांनी मानले. उत्पत्तीच्या पुस्तकातील हागारची कथा आम्हाला आठवते. साराला मूल होत नव्हते म्हणून तिनेच आपली दासी अब्राहामाला दिली. इश्माएल झाला. पुढे साराला स्वतःचा इसहाक झाल्यावर हागार व तिचा मुलगा नकोसे झाले, आणि अब्राहामाने भाकर व पाण्याची मसक देऊन त्यांना रानात घालविले. हागार दासी होती आणि निरुपाय होती, पॉल स्वतंत्र आणि स्वेच्छेने आलेला. हा फरक मोठा आहे. तरीही घराची गरज भागविण्यासाठी तिसऱ्या माणसाला आत घेणे आणि गरज सरल्यावर त्याचे अस्तित्वच पुसून टाकणे, ही रीत तीच. त्या कथेत पवित्र लेखकाने सांगितलेली एक गोष्ट मात्र चित्रपटात नाही. देवाने रानात त्या मुलाचा आवाज ऐकला. अब्राहामाचा नव्हे, साराचा नव्हे. मुलाचा.

आजीचा प्रश्न हाच होता.

आता आमच्याविषयी. हा चित्रपट पाहून आम्ही इतके का खवळलो, याचे कारण त्या रात्री आम्ही कोणास सांगितले नाही. आमच्या परिचयात एक कुटुंब आहे. लग्नाला बारा वर्षे होऊनही मूल झाले नाही, म्हणून त्यांनी भगिनींच्या एका आश्रमातून मुलगी दत्तक घेतली. कायदेशीर, रीतसर, मोठ्या प्रेमाने. बाप्तिस्म्याला सारी वाडी जेवली. तिला मात्र सांगावयाचे नाही असे ठरले. कोणी ठरविले हे आता सांगता येणार नाही. ते सर्वांनीच ठरविले. दोनशे-अडीचशे माणसे एका लहान मुलीपासून तिचीच गोष्ट वीस-बावीस वर्षे लपवीत राहिली आणि त्याला आम्ही सारे माया म्हणत राहिलो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने दत्तक मूल हे पालकांचे पूर्ण मूल आहे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण आपल्याकडे 'पोटची' या शब्दाला जी धार आहे, तिच्यापासून तिला वाचवावे असे वाटले.

लग्न ठरले तेव्हा मुलाकडच्या एका दूरच्या नातलगाने ते बोलून टाकले. लग्न मोडले नाही, मुलगा भला निघाला. मुलीने आईबापांना काही दूषण दिले नाही. आई रडली तेव्हा तिने आईचे डोळे पुसले. भारतीय दत्तक नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक मुलाला आपल्या मूळाचा शोध घेता येतो, हे तिला कोणीतरी सांगितले होते. ती म्हणाली, बघू. तिने पुढे तो शोध घेतला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. तो आमचा अधिकार नव्हे.

मात्र एक प्रश्न तिने विचारला, आणि तो आईबापांना नव्हे. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा संपवून लोक गोठा पाहावयास रांगेत उभे होते, त्या गर्दीत ती आमच्याजवळ आली. सणाच्या शुभेच्छा दिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं?"

आम्ही खरे ते सांगितले. तुझ्या बाप्तिस्म्यापासून.

ती काही बोलली नाही. रांग पुढे सरकली. तिच्या ओठांची हालचाल आम्हाला दिसली. ती वर्षे मोजीत होती.